रॉडखालचे हात

"हात रॉडच्या खाली धर, पन रॉडला लावू नको. त्यानं 'घे' म्हनलं, की मगच लाव."

हौशीराम वस्तादांचे हे शब्द मी किती वेळा ऐकले असतील, त्याला गणती नाही. माझ्या लोखंडावर गंज चढला, पण या शब्दांवर तो अजून चढलेला नाही.

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. उताणं झोपून छातीवरून वजन उचलायचं, त्या व्यायामासाठी मला केलं होतं. तालमीतली मुलं मला 'बेंच' म्हणत. आज माझ्यावर कुणी व्यायाम करत नाही. पेठ गावातल्या मारुतीच्या देवळाशेजारी तालीम आहे, तिच्या बाहेरच्या भिंतीला मला लावून ठेवलं आहे. माझं रेक्झिन फाटलं आहे, एक पाय आखूड झाला आहे, त्याखाली कुणीतरी फरशीचा तुकडा सारला आहे. इथून मला देवळाची पायरी दिसते, गावातून येणारी वाट दिसते आणि नाशिक रस्त्याकडे वळणारा कोपरा दिसतो. कोपऱ्यापलीकडचं दिसत नाही.

माझा जन्म जुन्नरचा. तिथं शौकतभाईंचं वेल्डिंगचं दुकान होतं. दारं, खिडक्यांचे गज, ट्रॉलीची मोडतोड अशी कामं ते करत. साखर कारखान्याला ऊस वाहून नेणारी एक ट्रॉली मोडीत निघाली होती, तिच्या लोखंडाचे माझे पाय झाले. फळी बाभळीची. वरचं रेक्झिन शौकतभाईंच्या घरातून, ताहेराबींनी काथ्या भरून शिवून दिलं.

हौशीराम वस्ताद मला करून द्या म्हणून सांगायला आले, तो दिवस मला माहीत असण्याचं कारण नाही. मी तेव्हा नुसती ट्रॉली होतो. पण शौकतभाईंनी ते बोलणं पुढं येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हसत हसत ऐकवलं. ते वस्तादांना म्हणाले होते, "झोपून वजन उचलायचं? वस्ताद, आमच्यात झोपायला खाट आसती." वस्ताद म्हणाले होते, "पोरांचा हट्ट हाय, शौकतभाई. टीव्हीत बघत्यात. माती अंगाला लागती म्हनं आता."

वस्ताद जुने मल्ल. जोर, बैठका, मुद्गल आणि आखाड्याची तांबडी माती हाच त्यांचा धर्म. तरीही मुलं तालमीत टिकावीत म्हणून त्यांनी मला करून घेतलं.

मी पुरा झालो तेव्हा शौकतभाई स्वतः माझ्यावर उताणे झोपले. छातीवर रॉड घेतला आणि घराकडं तोंड करून म्हणाले, "बघ गं ताहेरा, मोडला तर तुझा नवरा मोडल."

ताहेराबी दारातूनच म्हणाल्या, "मोडू दे. शिलाई माझी हाय, ती काय उसवायची न्हाई."

सगळे हसले. वस्ताद मात्र माझ्या डोक्याशी उभ्या केलेल्या दोन खांबांकडं बघत होते. रॉड तिथं खोबणीत टेकवायचा, तिथून उचलायचा, परत तिथंच ठेवायचा. त्यांनी विचारलं, "आन मधीच अडकला तर?"

"मग डोक्याशी मानूस उभा पायजे," शौकतभाई म्हणाले. "त्यो काय मी वेल्डिंग करून देऊ शकत न्हाई."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात खरं बोलणं हेच होतं. पण तेव्हा मी नवा होतो, अंगावर ओला रंग होता. मला वाटलं, माणसं काय, असतातच की.

एकोणीसशे पंच्याण्णवच्या सुमाराला कांद्याच्या टेम्पोतून मी पेठला आलो. वस्तादांनी मला तालमीत ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. चपला बाहेर काढल्याशिवाय माझ्याजवळ कुणी यायचं नाही. झोपण्याआधी मला हात लावून कपाळाला लावायचा. दसऱ्याला मुद्गलांच्या बरोबरीनं माझ्याही गळ्यात झेंडूची माळ पडे. मला गळा नाही, तर ती खांबाला बांधत. मला फार आनंद व्हायचा.

आणि पहिल्याच दिवशी वस्तादांनी जोडीदाराचा नियम सांगितला.

जोडीदार म्हणजे डोक्याशी उभा राहणारा. मी पुष्कळ पाहिले. काही जण तिथं उभे राहून रस्त्यावरच्या गाड्या बघत. काही गप्पा मारत. काही पहिल्याच उचलीपासून रॉडला बोटं लावून ठेवत, आणि खाली झोपलेल्याला वाटे, आपल्याला केवढी ताकद आली. वस्तादांना हे अजिबात खपत नसे. दुसऱ्याच्या बोटांनी उचललेलं वजन अंगी लागत नाही, त्यानं माणूस फसतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून तो नियम. हात खाली तयार ठेवायचे, पण मागितल्याशिवाय लावायचे नाहीत. नियम चांगला होता. हे मी आजही म्हणतो.

तो नियम कुणी मनापासून पाळला असेल, तर तो पप्पूनं.

पप्पूच्या घरचं नाशिक रस्त्यावर पंक्चरचं दुकान होतं. त्याचे हात कायम टायरच्या काळ्यानं माखलेले. तोंड तर एक क्षण बंद नसे. त्याचा मित्र संपत त्याच्या अगदी उलट. संपत म्हणजे ठमाबाईंचा एकुलता एक मुलगा. वडील लहानपणीच गेलेले, शेत चुलते बघत. संपत बोलायचा कमी आणि ऐकायचा जास्त. दोघं पहाटे एकत्र येत. पप्पू आधी हात राखेनं घासून धूत असे, कोरडे करत असे, मग माझ्या डोक्याशी उभा राही. संपत माझ्यावर झोपून रॉडला हात घाली. रॉड खोबणीतून निघण्याआधी पप्पू दरवेळी एकच म्हणे, "हाय मी."

मग तो बोलायचा थांबे. गावातला सगळ्यात बडबड्या मुलगा तेवढा वेळ श्वासही जपून घेई. संपत जमेल तितकं उचली, आणि अंगातलं सगळं संपलं की म्हणे, "घे." लगेच पप्पूचे हात रॉडला लागत आणि रॉड खोबणीत जाई. 'हाय मी' आणि 'घे', या दोन बोलांच्या मध्ये त्यांचा सगळा व्यायाम चाले. मी पाठीखालून ऐकत असे. मला तेव्हा कुणी विचारलं असतं, की चांगला जोडीदार कसा असतो, तर मी पप्पूकडं बोट दाखवलं असतं. मला बोटं नाहीत, ही गोष्ट वेगळी.

संपतला पोलीस व्हायचं होतं. लहानपणापासून त्यानं दुसरं काही मनात आणलंच नाही. भरतीत तो पळण्यात पुढं होता, उडीतही पुढं होता. पण गोळा फेकायचा असतो, तिथं तो कमी पडला होता. वीतभर कमी. पुढची भरती ही वयात बसणारी शेवटची. म्हणून खांदा आणि छाती कमवायला तो माझ्याकडं येत होता.

पप्पू चेष्टा करी, "तू शिपाई झालास, की पहिला दंड माझ्याच दुकानाला लावशील."

"टायर रस्त्यात मांडून ठिवतोस, तर लावनारच," संपत म्हणे. एवढंच लांब वाक्य तो दिवसभरात बोलत असावा.

आता ठमाबाईंबद्दल सांगतो. त्या माउलीचं सगळं जगणं नेमानं बांधलेलं होतं. सोमवार, शनिवार, चतुर्थी, तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात घोट नाही. दर शनिवारी त्या काठ वाकलेल्या पितळी वाटीत तेल घेऊन मारुतीला येत. तालमीत बायका येत नसत, म्हणून त्या उंबऱ्याबाहेर थांबत आणि आत लेकाकडं बघून नुसत्या हसत. भरती जवळ आली, तेव्हा त्यांनी संपतला एक व्रत दिलं. शनिवारी अंघोळ झाल्यापासून मारुतीपुढं संध्याकाळचा दिवा लागेपर्यंत मौन. एक शब्द काढायचा नाही. मारुती तुला यश देईल.

संपतनं आईला शब्द दिला. पप्पू म्हणाला, "काकू, ह्यात काय विशेष? ह्यो बाकीचं दिस तरी कुठं बोलतो?" ठमाबाई हसल्या. पुढं कित्येक शनिवार ते मौन निर्विघ्न पार पडलं. कारण शनिवारी आमच्या तालमीत वजनं उचलत नसत. मारुतीचा वार. नुसते जोर काढायचे, तेल लावायचं, घरी जायचं.

त्या शनिवारी वस्ताद बाहेरगावी होते. कुठल्याशा जत्रेत कुस्त्या होत्या, तिथं पंच म्हणून गेले होते. भरती तोंडावर आलेली. संपत अंघोळ करून, कपाळाला शेंदूर लावून तालमीत आला आणि माझ्यावर येऊन बसला. पप्पू म्हणाला, "आज शनवार हाय लेका." संपतनं हातानं 'थोडंसंच' अशी खूण केली. पप्पूनं हात धुतले.

थोडंसं झालं. मग संपतनं आणखी एका चकतीकडं बोट दाखवलं, मग आणखी एका. त्याला त्या वीतभर अंतराचा ध्यास लागला होता. पप्पूनं चकत्या चढवल्या. डोक्याशी उभा राहिला. म्हणाला, "हाय मी."

मित्रांनो, रॉड खाली आला आणि छातीच्या थोडा वर अडकला.

माणसाची ताकद संपते ते आधी बाकाला कळतं. पाठ माझ्यावर चिकटलेली असते, ती अशा वेळी मधून उचलते. टाचा जमिनीवर फिरायला लागतात. संपतची पाठ थरथरत होती. तो पप्पूकडं बघत होता. एक अक्षर म्हणायचं होतं, 'घे'. तेवढं म्हटलं असतं, की पप्पूचे दोन्ही हात लगेच पुढं आले असते. रॉडच्या खाली चार बोटांवर तर ते तयार होते. पण शनिवार होता, दिवा लागायला पुष्कळ वेळ होता, आणि आईला शब्द दिलेला होता. संपतनं ओठ घट्ट मिटले.

पप्पू त्या शब्दाची वाट बघत होता. मौन असलं, तरी एवढा एक शब्द तो काढेलच, असं त्यानं धरलं होतं. त्याला वाटलं, मागत नाही म्हणजे निघतंय. मधेच हात लावला, तर एवढी मेहनत वाया जाईल, आणि संपत दिवसभर बोलणार नाही तो नाहीच, पण उद्याही बोलणार नाही. म्हणून तो थांबला. नियमाप्रमाणे थांबला.

मला सगळं कळत होतं. मला हात नव्हते.

रॉड एका बाजूला कलला. उजवा खांदा मागं गेला आणि काहीतरी तुटल्याचा आवाज माझ्या फळीत उतरला. तेव्हा कुठं पप्पूनं झडप घातली. तोपर्यंत झालं होतं.

तेव्हाही संपत ओरडला नाही. जीपमध्ये घालून त्याला मंचरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कुठं दुखतंय, तर त्यानं डाव्या हाताच्या बोटानं दाखवलं. हे सगळं मला पुढं वस्तादांच्या तोंडून कळलं. संध्याकाळी त्याचे डोळे दारात उभ्या असलेल्या आईकडं लागले होते. अंधार पडल्यावर त्यानं तोंड उघडलं आणि पहिला शब्द काढला, "आये, दिवा लागला का?" ठमाबाईंनी "लागला" म्हटलं, आणि मग तो जो ओरडला, तो सगळ्या दवाखान्यानं ऐकला.

खांदा बसवला. पण आतलं तुटलं ते नीट जुळलं नाही. हात छातीपर्यंत येई, त्याच्यावर जात नसे. भरतीचा दिवस आला आणि गेला.

ठमाबाई पुढच्या शनिवारी तेल घेऊन आल्या. उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. आत वस्ताद होते आणि कोपऱ्यात पप्पू मान खाली घालून बसला होता. मला वाटलं, आता त्या त्याला बोलतील. सगळ्यांना तसंच वाटलं असेल. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पप्पू, त्यानं येक शब्द काढला असता, तर मारुती रागावला नसता रे. जिवावर बेतलं तर देव नेम मोडू देतो. पन हे मी त्याला सांगितलंच न्हवतं. मला वाटलं, येवढं कळतंच की."

वस्ताद भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. तसेच म्हणाले, "मी बी पोरांना तोंडानं मागायचंच शिकवलं. डोळ्यांनी मागितलेलं वळखायचं ऱ्हायलंच."

मित्रांनो, मी त्या व्रताला नावं ठेवत नाही आणि त्या नियमालाही ठेवत नाही. दोन्ही पाळणारी माणसं साधी आणि खरी होती. तेच तर माझ्या फळीला आजवर सलतं.

त्यानंतर पप्पू रोज पहाटे संपतला घरून घेऊन येई. हात वर जावा म्हणून व्यायाम सांगितला होता. रॉड तर नव्हताच आता. वस्तादांची वेळूची पोकळ काठी घेऊन संपत माझ्यावर झोपे. पप्पू डोक्याशी उभा राही. "हाय मी," म्हणे. काठी छातीपर्यंत येई आणि तिथंच थांबे. पप्पूला आता वाट बघवत नसे. काठी थरथरली की तो लगेच हात लावी. आणि त्यानं हात लावला, की संपत काठी सोडून देई. उठून बसे. रागावत नसे. नुसता देवळाच्या कळसाकडं बघत बसे. 'घे' हा शब्द त्यानं पुन्हा कधी उच्चारला नाही.

एकदा पप्पू माझ्या पायाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "संपत, येक शिवी तरी घाल. तुझ्या पाया पडतो."

संपत म्हणाला, "तू काय केलंस? मी म्हनलोच न्हाई."

पप्पू त्यानंतर माझ्याजवळ मोठ्यानं हसलेला मी पाहिला नाही. शिवी मिळाली असती, तर त्याला सोसली असती.

असं पुष्कळ दिवस चाललं. हात वर गेला नाही. एका सकाळी संपत आला नाही. डिंभ्याला त्याचे मामा धरणावर मासे धरत, त्यांच्याकडं तो राहायला गेला होता. जाळी विणायची आणि फाटलेली सांधायची, या कामाला हात वर न्यावा लागत नाही. पप्पू त्या दिवशी एकटाच माझ्या डोक्याशी उभा राहिला, रिकाम्या फळीकडं बघत, आणि मग दुकानावर गेला. त्यानंतर तो तालमीत आला नाही. मुलं कधी बोलवायला जात, "पप्पूभाऊ, मागं उभं ऱ्हायला या ना." तो म्हणे, "दुसरा कुनी बघा राव. माझं हात घान असत्यात."

पुढं काळ बदलला. दोन हजार सालानंतर मंचरला नवी जिम निघाली. तिथं चारी भिंतींना आरसे होते, गाणी लागत, आणि मुलांच्या बोलण्यावरून कळे, की तिथलं यंत्र वजन आपोआप धरतं, मागं माणूस लागत नाही. हौशीराम वस्ताद खाटेला लागले आणि एका उन्हाळ्यात गेले. तालमीचं छप्पर गळायला लागलं. माती पावसाच्या पाण्यानं वाहून गेली. मला बाहेर काढलं, कारण आत कांद्याच्या गोण्या ठेवायच्या होत्या. ताहेराबींची शिलाई मात्र खरंच उसवली नाही. रेक्झिन फाटलं ते उन्हानं, शिवणीपाशी नाही.

मला कुणी तेल लावलं नाही, रंग दिला नाही. दसऱ्याची माळ बंद झाली. पहिल्यांदा वाईट वाटे, मग त्याचीही सवय झाली.

फक्त ठमाबाई यायच्या. दर शनिवारी मारुतीला तेल वाहून झालं, की त्या वाटीत थोडं तेल राखून तिच्या तोंडाला फडकं बांधत आणि डिंभ्याला निघत. मारुतीचं तेल लेकाच्या खांद्याला चोळायला. पेठहून मंचर, तिथून घोडेगाव, तिथून डिंभे. पुढच्या गाडीचा नेम नसे. कधी येई, कधी येतच नसे. मग त्या घोडेगावच्या स्टँडवर दुपारपर्यंत बसून, वाटी तशीच भरलेली घेऊन परत येत, आणि थकून माझ्यावर टेकत. माझ्या अंगावर त्या काळात तेवढाच एक माणसाचा भार होता.

असंच एकदा त्या टेकल्या होत्या. श्वास लागत होता. पप्पू दुकानातून घरी चालला होता, त्याच्याही दाढीत आता पांढरे दिसत होते. त्यांनी त्याला हाक मारली. तो आला आणि माझ्यापासून जरा लांब उभा राहिला.

"पप्पू, माझ्यानं आता डिंभ्याचं जानं व्हायचं न्हाई. मी गेल्यावर शनवारी त्याच्या खांद्याला येवढं तेल लावशील?"

पप्पू म्हणाला, "काकू, त्यो मला लावू देईल का?"

"ते मला ठावं न्हाई. आन हात वर जाईल म्हनून सांगत न्हाई मी. जायचा न्हाई, हे मला कवाच कळलंय." त्यांनी वाटीच्या वाकलेल्या काठावरून बोट फिरवलं. "पन दुखतो रे लई. आन त्यो सांगत न्हाई."

पप्पू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "लावीन."

त्या पावसाळ्यात ठमाबाई गेल्या.

त्यांची अंत्ययात्रा देवळावरून निघाली. पुढं संपत होता. किती वर्षांनी मी त्याला बघत होतो. केस विरळ झालेले, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली. मुलानं विस्तवाचं मडकं हातात धरून पुढं चालायचं असतं, तसं त्यानं उजव्या हातात धरलं होतं. दोरीच्या शिंक्यात मडकं, मडक्यात विस्तव, वर ओला धूर. ते फार जड नसतं. पण देवळाच्या वळणावर त्याचा हात थरथरायला लागला. माझ्या समोरच. दोरी हेलकावे खाऊ लागली. मागं माणसं होती, चुलते होते. कुणाचं लक्ष नव्हतं, आणि ज्याचं होतं त्याला वाटलं असेल, मागेल तर धरू. संपतचे ओठ घट्ट मिटलेले होते. ते ओठ मी ओळखले.

पप्पू मागच्या माणसांत होता. तो पुढं आला, संपतच्या बरोबरीनं चालू लागला आणि उजवा तळवा मडक्याच्या बुडाखाली सरळ टेकवला. मडकं तापलेलं होतं. त्याचा चेहरा आक्रसला. हात काढला नाही.

"हाय मी," तो म्हणाला. इतक्या हळू, की संपतला आणि मलाच ऐकू गेलं असेल.

संपतनं त्याच्याकडं बघितलं नाही. पण मडकं ओढूनही घेतलं नाही. दोघं तसेच कोपऱ्याकडं गेले, आणि मग मला दिसेनासे झाले.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने बाक शेवटी मुलांना सांगतात, की वस्तू जपा, लोखंडाला तेल लावा, उन्हापावसात टाकू नका. तेही कराच. पण माझं मागणं दुसरं आहे. तुम्ही ज्याच्या डोक्याशी उभे राहाल, त्याच्या शब्दाकडं कान ठेवा, आणि त्याच्या टाचांकडं डोळेही ठेवा. काही माणसं मागत नाहीत. कुणी लाजेनं मागत नाही, कुणी दिलेल्या शब्दासाठी. त्यांची पाठ काय सांगते, ते बघा. हे मी सांगतो आहे खरा, पण माझं ऐकायला इथं कुणी झोपत नाही. पुढच्या दसऱ्याच्या आत मला भंगारात देणार आहेत, असं काल दोघं जण माझ्यावरच बसून बोलत होते. तिथं ट्रॉलीचे तुकडे पुन्हा ट्रॉलीत जाऊन पडतील.

दिवस-कार्य उरकल्यावर संपत डिंभ्याला परत गेला. जाताना पप्पूच्या दुकानावर थांबला नाही, असं मी ऐकलं. त्याच्या मनात काय आहे, कुणालाच माहीत नाही. हात तर वर जायचा नाहीच.

आज शनिवार आहे. उजाडता उजाडता पप्पू देवळात आला. उजव्या तळव्याला चिंधी बांधलेली होती. त्यानं हात राखेनं घासून घासून धुतले, चिंधीच्या कडेपर्यंत. काठ वाकलेल्या पितळी वाटीतलं तेल मारुतीला वाहिलं, उरलेल्यावर स्वच्छ फडकं बांधलं. गुरव म्हणाले, "पप्पूभाऊ, घोडेगावच्या म्होरं गाडी मिळंल का न्हाई, सांगता येत न्हाई बघ." पप्पूनं नुसती मान हलवली.

माझ्याजवळून जाताना तो क्षणभर थांबला. फळीला हात लावून तो त्यानं कपाळाला लावला. मग वाटी दोन्ही हातांत धरून, तेल हिंदकळू नये म्हणून पावलं जपून टाकत, तो कोपऱ्याकडं चालू लागला.